रोमी लोकांचीं सांच्यांत फुंकलेलीं कांचपात्रें

विद्यार्थिमित्रहो, हा लेख पुढें वाचण्यापूर्वीं एक लहानसें काम करा. घरांतील फळीवरून सरबताची किंवा औषधाची एखादी कांचेची बाटली खालीं घ्या, ती पुसून उजेडांत धरा, आणि तिच्या अंगावरून बोट आडवें फिरवा. बाटलीच्या दोन बाजूंस, अगदीं समोरासमोर, बुडाकडून तोंडाकडे गेलेली एक बारीक उभी रेघ बोटास लागेल. ही रेघ कोणीं शोभेसाठीं काढिलेली नव्हे. ज्या लोखंडी सांच्यांत ती बाटली घडली, त्या सांच्याचे दोन भाग जेथें एकमेकांस भिडले तेथील ती सांध होय. कांचेच्या तप्त गोळ्यांत हवा भरावयाची, आणि तो फुगून सांच्याच्या भिंतींस टेकला म्हणजे त्यास सांच्याचा आकार यावयाचा, ही आजच्या कारखान्यांतील रीत आहे. यंत्रें नवीं आहेत; रीत मात्र सुमारें दोन हजार वर्षांची जुनी आहे. ती कोठें निघाली, तिच्या योगानें सामान्य माणसाच्या घरांत काय आलें, आणि त्या वेळच्या एका थोर पंडितानें तिजविषयीं काय मत दिलें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम कांच म्हणजे काय तें पाहूं. रोमी काळच्या कांचेचें पृथक्करण केलें असतां शंभर भागांत सुमारें सत्तर भाग वाळूचें सत्त्व, पंधरा ते वीस भाग सोडा आणि पांच ते दहा भाग चुना आढळतो. नुसती वाळू वितळविण्यास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. एवढी उष्णता त्या काळच्या कोणत्याहि भट्टींत उत्पन्न होत नसे. परंतु वाळूंत सोडा मिसळला म्हणजे तीच वाळू पुष्कळ कमी उष्णतेवर रस होऊन वाहूं लागते. हा सोडा मिसर देशांतील वादी नत्रून नांवाच्या खोऱ्यांतील खाऱ्या तळ्यांच्या कांठीं आपोआप जमत असे. आपल्याकडील पापडखाराच्याच जातीचा हा खार होय. उत्तम वाळू मिळे ती भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आक्को नगराजवळील बेलस नदीच्या मुखाशीं. तींत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असल्यामुळें लागणारा चुना आयताच मिळत असे.

या नदीविषयीं प्लिनी नामक रोमी ग्रंथकारानें एक गोष्ट सांगितली आहे. खाराचे व्यापारी एकदां त्या वाळवंटांत उतरले. भांडीं ठेवावयास दगड सांपडेनात, म्हणून त्यांनीं गलबतांतील खाराचे खडे चुलीस लाविले. तेव्हां जाळाच्या योगानें खार व वाळू एक होऊन कांचेचा ओघळ वाहूं लागला! गोष्ट मनोरंजक आहे, पण खरी असणें कठीण. कारण उघड्या चुलीच्या जाळावर कांच होण्याइतकी उष्णता येत नाहीं. तथापि गोष्टींतील वाळू, खार आणि स्थळ हीं तिन्ही खरीं आहेत.

कांच बनविण्याची विद्या रोमी लोकांहून फार प्राचीन आहे. मेसापोटेमिया व मिसर या देशांत ख्रिस्तापूर्वीं सुमारें पंधराशें वर्षांपासून कांचेचीं भांडीं होत असत. पण तीं करण्याचे कष्ट पाहा. धातूच्या कांबीच्या टोंकास माती व वाळू यांचा एक गाभा बसवावयाचा. त्यावर कांचेच्या रसाची तार गुंडाळावयाची. ती लाटून सारखी करावयाची. आणि सर्व निवाल्यावर आंतील माती कणाकणानें कोरून काढावयाची. इतक्या खटाटोपानें एक बोटाएवढी अत्तराची कुपी तयार होई. अशी वस्तु राजवाड्यांत, देवळांत किंवा श्रीमंताच्या पेटींत दिसावयाची. शेतकऱ्याच्या किंवा शिपायाच्या घरांत ती कोठून येणार?

हा अडसर एका फुंकरीनें दूर केला. यरुशलेम शहराच्या जुन्या भागांत १९६९ सालापासून जें उत्खनन झालें, त्यांत एका कांचकाराचा टाकाऊ माल सांपडला. तो ख्रिस्तापूर्वीं सुमारें पन्नास वर्षांचा आहे. त्यांत कांचेच्या बारीक नळ्या असून, कांहींचें एक टोंक मऊ असतांना फुंकून फुगविलेलें आहे. फुंकून कांच घडविण्याचा हा आजवर मिळालेला सर्वांत जुना पुरावा होय. पुढें कांचेच्या नळीच्या जागीं लांब लोखंडी नळी आली. दाल्मेशिया प्रांतांतील असेरिया गांवीं इ. स. च्या पहिल्या शतकांतला एक मातीचा दिवा मिळाला आहे. त्यावर एक भट्टी व तिच्यापुढें नळी फुंकीत बसलेला कारागीर असें चित्र उठविलेलें आहे. त्या काळच्या कांचकाराचें प्रत्यक्ष रूप पाहावयाचें तर तें या दिव्यावर.

कांचेस बर्फासारखा वितळण्याचा एक नेमका क्षण नसतो. ती पातळ मधासारखी असते, मग दाट काकवीसारखी होते, मग मेणासारखी, आणि शेवटीं दगडासारखी. या मधल्या अवस्थेंत, घडी दोन घडी नव्हे तर कांहीं क्षणच, ती कारागिराच्या म्हणण्याप्रमाणें वांकते. तेवढ्यांत नळी फिरवीत राहून श्वास सोडला तर गोळा फुगतो. नळी फिरवावयाची थांबली कीं गोळा एका बाजूस लोंबतो. म्हणून नुसत्या फुंकरीनें दोन सारखीं भांडीं करणें हें वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचें काम आहे, आणि अंगावर नक्षी उठविणें त्याहून अवघड.

यावर युक्ति निघाली ती सांच्याची. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत सीरिया-फिनीशियाच्या किनाऱ्यावर ती प्रचारांत आली असें विद्वान् मानितात. सांचा ही वस्तु नवी नव्हती. दिवे व उठावाचीं तांबडीं भांडीं करणाऱ्या कुंभारांना तो चांगला ठाऊक होता. कांचकारानें तो कुंभाराकडून उचलला आणि त्यांत आपला श्वास घातला. हे सांचे बहुधा भाजलेल्या मातीचे असत. आपल्या घरीं मोदकाचा सांचा असेल तर त्याकडे पाहा, म्हणजे त्याची रचना ध्यानांत येईल. भेद इतकाच कीं कांचेच्या सांच्याचे भाग दोन, तीन किंवा चार असत, आणि पुष्कळदां बुडाचा भाग वेगळा असे.

काम असें चाले. प्रथम हवें तसें भांडें नक्षीसह घडवून त्याचा नमुना करावयाचा. नमुन्यावर ओली माती दाबून भागाभागानें ठसा घ्यावयाचा व तो भाजावयाचा. हे भाग जुळवून घट्ट धरिले म्हणजे सांचा सिद्ध झाला. मग नळीच्या टोंकास तप्त कांचेचा गोळा घेऊन तो थोडासा फुगवावयाचा, सांच्यांत सोडावयाचा, आणि जोरानें फुंकावयाचें. कांच सांच्याच्या प्रत्येक खांचेंत शिरते, आणि भिंत तिच्याहून थंड असल्यामुळें तेथेंच थिजते. लगेच सांचा उघडावयाचा. खांचेच्या जागीं उठाव, उठावाच्या जागीं खांच, अशी नक्षी भांड्यावर उमटलेली दिसते. नमुन्यावर अक्षरें सुलट असलीं तर सांच्यांत तीं उलट येतात आणि कांचेवर पुनः सुलट होतात. शेवटीं नळीपासून भांडें तोडून कांठ घासून गुळगुळीत करावयाचा, लागल्यास कान जोडावयाचा, आणि तें भट्टीच्या कडेस हळूहळू निवूं द्यावयाचें. निववण्याची घाई केली तर बाहेरची कांच आधीं आक्रसते, आंतली मागाहून. आणि कसलाहि धक्का न लागतां भांडें तडकतें.

येथें एक शंका येईल. हे मातीचे सांचे आज फारसे सांपडत नाहींत. चौकोनी बाटल्यांच्या बुडाचे दगडी व मातीचे सांचे तेवढे कांहीं ठिकाणीं मिळाले आहेत. मग हें सर्व कळलें कसें? भांड्यांनींच तें सांगितलें. सांध किती आहेत त्यावरून सांच्याचे भाग किती तें कळतें. सांध कांठाच्या खालींच संपत असेल तर कांठ सांच्याबाहेर होता हें उघड होतें. दोन भांड्यांवरील नक्षींत एकाच जागीं एकच बारीक दोष असेल तर तीं एका सांच्याचीं भावंडें. आणि त्यांतल्या एकावर नक्षी बोथट दिसली तर तें मागाहूनचें, सांचा झिजल्यावरचें. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास मुकी वस्तुहि साक्ष देते ती अशी.

या कलेंत सर्वांत प्रसिद्ध झालेला पुरुष एनियन. त्याची कर्मशाळा बहुधा सीदोन येथें होती; नव्या करारांत सोर आणि सीदोन असा ज्या नगरांचा जोडीनें उल्लेख येतो, त्यांतील हें सीदोन. काळहि जवळजवळ तोच, म्हणजे इ. स. च्या पहिल्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या झाऱ्या, पेले व वाडगे यांवर वेली, पानें, खांब व मधाच्या पोळ्यासारखी जाळी अशी नक्षी इतक्या नेटकेपणें उठलेली आहे, आणि सांध नक्षीच्या रेघांत अशी लपविलेली आहे, कीं पाहणारानें ती शोधीतच राहावें. या नक्षीच्या मध्यें एका लहान चौकटींत ग्रीक अक्षरांत तो लिहितो: ‘एनियननें केलें.’ आणि त्याच्या कांहीं पेल्यांवर दुसऱ्या बाजूस तशीच आणखी एक चौकट असते. तींत शब्द आहेत: ‘विकत घेणाराचें स्मरण राहो.’

वाचकहो, या दुसऱ्या चौकटीपाशीं क्षणभर थांबावेंसें वाटतें. कारागिरानें आपलें नांव घालावें यांत नवल नाहीं. परंतु ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, जो अजून दुकानांत आलेलाहि नाहीं, अशा गिऱ्हाइकासाठीं सांच्यांतच आशीर्वाद कोरून ठेवणें हें विशेष होय. एकेक पेला एकेका धनिकाच्या मागणीवरून होत असता तर त्यावर त्या धनिकाचेंच नांव आलें असतें. येथें पेले पुष्कळ होते व घेणारेहि पुष्कळ होते, म्हणून कोणाचेंहि नांव न घालतां सर्वांस पुरेल असा हा आशीर्वाद. एनियनचीं भांडीं सायप्रस बेटांत, उत्तर इटलींत आणि पार काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत सांपडलीं आहेत. एक भग्न झारी यरुशलेमांतील एका वाड्याच्या अवशेषांत मिळाली. इ. स. ७० त रोमी सैन्यानें तें शहर जाळलें, त्या वेळीं तो वाडा नष्ट झाला. तेथें त्या दिवशीं कोण होतें, त्यांचें पुढें काय झालें, यांतील कांहींच आपणांस ठाऊक नाहीं. त्यांच्या झारीवरील कारागिराचें नांव तेवढें राहिलें.

एनियनच्या मागून ॲरिस्टिअस, जेसन, मेगीस इत्यादि दुसऱ्यांचींहि नांवें कांचेवर येऊं लागलीं, आणि लवकरच सांचा साम्राज्यभर पसरला. किती प्रकारचीं भांडीं निघालीं म्हणून सांगावें! खऱ्या खजुराचा ठसा घेऊन केलेल्या तपकिरी कुप्या, ज्यांवर खजुराची सुरकुती न् सुरकुती दिसते. द्राक्षांच्या घोसासारख्या कुप्या. माणसाच्या मस्तकाच्या आकाराच्या बाटल्या. ‘आनंद करा’ असा उपदेश करणारे पेले. पश्चिमेकडील गॉल, जर्मनी व ब्रिटन या प्रांतांत खेळांचे पेले लोकप्रिय होते. ब्रिटनमधील कोल्चेस्टर येथें सांपडलेला असा एक हिरवा पेला लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यावर चार घोड्यांच्या रथांची शर्यत असून वर सारथ्यांचीं नांवें आहेत. हिएरॅक्स, ओलिंपस व अँटिलोकस या हरलेल्या तिघांस निरोप दिला आहे, आणि क्रेसेन्स या विजयी वीराचा जयजयकार केला आहे. रोम नगरींतील शर्यतीचा आनंद दूरच्या छावणींतील माणसानें आपल्या हातांत धरावा, ही सोय सांच्यानें केली.

परंतु सांच्याचें खरें उपकारक अपत्य म्हणाल तर साधी चौकोनी बाटली. तिला नक्षी नाहीं. बुडावर एखाद दुसरें वर्तुळ किंवा अक्षर असलें तर असतें. पण चौकोनी असल्यामुळें ती पेटींत दुसरीस लागून नीट बसते, लोळत नाहीं व जागा वायां दवडीत नाहीं. तेल वगैरे द्रव पदार्थ ठेवावयास व न्यावयास ती फार उपयोगी पडली. कांचेस वास लागत नाहीं, गंज चढत नाहीं, आणि आंत काय व किती आहे तें न उघडतां दिसतें. मातीच्या व धातूच्या भांड्यांत हे तिन्ही गुण एकत्र मिळत नाहींत.

स्ट्रेबो नांवाचा भूगोलकार त्याच सुमारास लिहितो कीं रोममध्यें कांचेचा पेला एका तांब्याच्या नाण्यास मिळतो. प्लिनी म्हणतो कीं पिण्याच्या कामीं कांचेनें सोन्यारुप्याच्या पेल्यांस हुसकून लाविलें आहे. फुटलेली कांचहि वायां जात नसे. मार्शल कवीनें टायबर नदीपलीकडील एका फेरीवाल्याचा उल्लेख केला आहे. तो गंधक लावलेल्या काड्या देऊन फुटकी कांच घेई. आपल्याकडील बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडीं देते, तसाच हा व्यवहार. ती फुटकी कांच पुनः भट्टींत जाई व नवीन पेला होऊन बाहेर पडे.

आमच्या या भूमीशींहि त्या कांचेचा थोडा संबंध आला होता. एनियनच्याच शतकांत एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या दर्यावर्द्यानें ‘एरिथ्रियन समुद्राचें पेरिप्लस’ म्हणून प्रसिद्ध असलेला ग्रंथ लिहिला. त्यांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाच्या यादींत न घडविलेली कच्ची कांच आहे. आणि पैठण व तेर येथून गाड्यांवर माल लादून त्याच बंदरास नेत असत असेंहि त्यांत लिहिलें आहे.

आतां त्या पंडिताकडे वळूं. सेनेका हा रोमचा मोठा तत्त्वज्ञ, नीरो बादशहाचा गुरु, इ. स. ६५ त तो मरण पावला. पोसिडोनियस नांवाच्या पूर्वीच्या तत्त्वज्ञाचें मत असें होतें कीं सर्व कला ज्ञानी पुरुषांनीं शोधून काढिल्या. सेनेका एका पत्रांत याचें खंडन करितो. तो म्हणतो, काळजीपूर्वक हातानेंहि जे आकार क्वचितच साधतील, ते नुसत्या श्वासानें देणारा कांचकार पोसिडोनियसला दाखवावा असें मला वाटतें. परंतु अशा गोष्टींस चलाख बुद्धि लागते, ज्ञान नव्हे. ज्ञान वर पाहतें आणि हीं कामें वांकून, जमिनीकडे पाहून करावीं लागतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

सेनेकाचा मोठेपणा मान्य करूनहि हें मत जसेंच्या तसें स्वीकारणें आम्हांस कठीण वाटतें. भट्टीपुढें बसलेल्या माणसास रस केव्हां दाट होतो हें ओळखावें लागतें, श्वास मोजावा लागतो, उलट्या अक्षरांत सुलट वाचावें लागतें, आणि निववण्याच्या वेळीं धीर धरावा लागतो. यास ज्ञान म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? आणि मौज अशी कीं, सेनेकाचीं पत्रें आपणांपर्यंत आलीं तीं ग्रंथ उतरून काढणाऱ्या असंख्य लेखकांच्या हातांमुळें. त्यांनीं वांकून एकाचीं अनेक केलीं नसतीं तर तीं केव्हांच नष्ट झालीं असतीं. तत्त्वज्ञाचें नांव नकलेनें राखिलें. कांचकाराचें नांव सांच्यानें राखिलें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं सांच्यानें एकसारखेपणा येतो व कारागिराची कला मरते. या भीतींत तथ्य आहे. झिजलेल्या सांच्यांतून निघालेलीं बोथट भांडीं रोमी काळींहि पुष्कळ झालीं. पण तो दोष सांच्याचा नव्हे, तो झिजला हें पाहूनहि तसाच चालविणाराचा. ताज्या सांच्यामागें एक उत्तम नमुना असतो, आणि नमुना ज्याच्या हातचा त्यानें आपलें सर्व कौशल्य एकदां मनापासून ओतलेलें असतें. मग तें कौशल्य एका श्रीमंताच्या कपाटांत न राहतां शेंकडों घरीं जातें. शिवाय सांचा कितीहि चांगला असला तरी आपण होऊन पेला होत नाहीं. प्रत्येक पेल्यासाठीं कोणास तरी भट्टीपुढें बसून नवा श्वास घालावा लागे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एखाद्या कुपीच्या कांचेंत आजहि लहान लहान बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि तिच्या आंतल्या पोकळीचा आकार हा एका माणसाच्या श्वासानें दिलेला आकार आहे.

तेव्हां बाटलीवरील ती बारीक रेघ पुनः एकदां बोटानें पाहा, आणि मग ती बाटली जपून फळीवर ठेवा. ज्यानें ती घडविली त्याचें नांव तिच्यावर नाहीं, आपलेंहि नाहीं. परंतु सीदोनच्या त्या कारागिरानें आपलें नांव लिहिल्यावर घेणारासहि विसरूं नये म्हटलें. आपण वस्तु घेणारांनीं उलट करणारास विसरूं नये, एवढी फेड तरी करावी.